पाव्हण्याचा वाटा

शिकारीत मी आयुष्यात एकच बार काढला आणि तो फणसाला लागला. फणस ज्या झाडाचा, त्याच झाडावर मी बसलो होतो, त्यामुळं नेम चुकायला तसा वावही नव्हता. कोवळ्या फणसाचा चीक माझ्या टोपीवर गळत राहिला, आणि ज्या डुकरासाठी अर्धं गाव सकाळपासून घसा कोरडा करत होतं, ते डुक्कर खालनं दुडक्या चालीनं निघून गेलं. जाताना त्यानं वर पाहिलं असं मी पुष्कळ दिवस सांगत असे. डुकराला मान वर करता येत नाही असं कुणीतरी म्हणाल्यावर सांगायचं सोडलं.

पुढं कितीतरी वर्षं मी गावात शिरलो, की पाणवठ्यावरच्या बाया विचारायच्या, "काय भाऊजी, भाजी आणलीसा व्हय?" मी हसायचो. आता गावात गेलं तर असं विचारणारं कुणी भेटत नाही, आणि ते नसणं मला चिकासारखं चिकटून बसलंय. कितीही तेल लावा, निघत नाही.

आमचं गाव लोंढ्याच्या अलीकडं, रानाला पाठ लावून बसलेलं. शिमगा झाला की गावाची पारध निघायची. भाले, कोयते, वाघरी म्हणजे जनावराच्या वाटेवर लावायची जाळी, दोनचार ठासणीच्या बंदुका आणि झाडून सगळी कुत्री. रताळी उकरणारी, भात लोळवणारी डुकरं हटवायची, हे एक कारण. दुसरं कारण असं, की आमच्यातल्या पुष्कळ घरांत सागुती म्हणजे मांस पोटभर शिजायचं ते त्याच दिवशी. त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक छपरातून एकच वास यायचा. कुणाच्या चुलीवर काय आहे हे कुणाला चोरून हुंगावं लागायचं नाही.

जनावर पडलं, की ज्याचा पहिला घाव त्याला मुंडकं. त्याचा मान तेवढ्यावर संपला. बाकीचं सगळ्यांचं. देवळापुढच्या पारावर केळीची पानं मांडायची आणि प्रत्येक उंबऱ्याला एक वाटा घालायचा. वाटे घालणारा म्हातारा एका पायानं लंगडा होता. तरणा असताना डुकरानं त्याची पोटरी फाडली होती, तेव्हापासून तो रान उठवायला जात नसे. आमचा थोरला चुलता, ज्याला सगळं गाव आप्पा म्हणायचं, तो त्या वाट्यांकडं पाठ आणि रानाकडं तोंड करून बसायचा. लंगडा एका वाट्यावर हात ठेवून विचारायचा, "ह्यो कुणाचा?" आप्पा घर सांगायचा. आंब्याखालचं. वड्याकडचं. एकलीचं. चांभाराचं. कुठल्या पानावर मऊ आहे आणि कुठल्यावर नुसती हाडं, हे आप्पाला दिसत नसे, म्हणून भांडणाचं कारण नव्हतं. ज्याच्या नशिबी हाडं यायची तो नशिबाला शिव्या द्यायचा, आप्पाला नाही.

आता ह्या पुकाऱ्याचे काही दंडक होते, ते सांगतो, कारण त्यांनीच पुढं आम्हाला खाल्लं. पारधीच्या दिवशी गावात जो कुणी असेल, त्याला वाटा. मग तो बांगड्या भरणारा असो, वाट चुकलेला असो. पाव्हण्याचा वाटा सगळ्यात आधी पुकारायचा आणि पुकारणाऱ्याच्या घरचा सगळ्यात शेवटी. एकदा पुकारलेला वाटा मोडत नाही. त्या माणसाला तो दरसाल पुकारायचा, आला तर हातात, न आला तर पोचवायचा. छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा एका साली चुकून पारधीच्या दिवशी आला होता. तो मेल्याची खबर येईपर्यंत त्याचा वाटा खानापूरला जात होता. आणि शेवटचा दंडक असा, की एक जरी उंबरा वाट्यावाचून राहिला, तर पुकारणारा उठला. कायमचा. आप्पाच्या आधी जो बसायचा त्याच्याकडनं एक घर राहिलं होतं. नवऱ्याला सोडून आलेल्या एका बाईनं गोठ्यात वेगळी चूल मांडली होती, ती त्याच्या ध्यानात आली नाही. तो मुकाट्यानं उठला आणि त्या जागी आप्पा बसला.

आमच्या घराण्यात नेम कुणालाच नाही. आप्पानं तर एकदा भाला फेकून स्वतःचंच कुत्रं लंगडं केलं होतं. शेतात बरकत नाही, पोटी पोर नाही, आवाज बायकी. गावात त्याला मोजायचे ते वर्षातनं त्या एका दिवशी. बाकी वर्षभर तो गावातून फिरायचा तो चुली बघत. कोण वेगळं निघालं, कोण मेलं, कोण रेल्वेत लागून लोंढ्याला गेलं. काकी म्हणायची, ह्यास्नी आपल्या चुलीत लाकूड हाय का न्हाय ते ठावं नसतंय, गावच्या चुली तोंडपाठ.

रान राखीव होतंच, पण कागदावर. जंगलखात्याचा गार्ड आमचा वाटेकरी होता. त्याचाही वाटा पुकारला जायचा आणि पारधीच्या दिवशी त्याला हटकून ताप यायचा. मग त्याची बदली झाली आणि नवा आला तो सागुती न खाणारा निघाला. गावाला घाम फुटला. जो माणूस खातच नाही त्याला वाटेकरी करणार कसा? त्यानं बंदुका नेल्या, दोघांना खानापूरच्या कोर्टात उभं केलं, आणि त्या साली पारध झाली नाही. शिमग्यानंतर मी घरी गेलतो. आप्पा पारावर बसला होता, नेहमीच्या जागी. मला म्हणाला, "तू कॅम्पात असतोस. एवढ्या सायबांत वावरतोस. एक शब्द टाक की."

मी बेळगावात कॅम्पातल्या एका लष्करी कचेरीत कारकून होतो. सायबांत वावरतो ही बातमी गावात मीच पसरवली होती. वावरणं म्हणजे दाराशी उभं राहून आत बोलावायची वाट बघणं, एवढं मी सांगायचं राहून गेलं होतं. पण माझा गोरा साहेब शिकारीचा नादी होता हे खरं. त्याच्या बंगल्यात भिंतभर मुंडकी लावलेली, आणि सहीसाठी कागद घेऊन गेलं की एक गवा माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा, की मी स्पेलिंग विसरायचो. एकदा त्याचा चेहरा जरा बरा दिसला तेव्हा मी विषय काढला. साहेबानं जंगलखात्यातल्या त्याच्या मित्राशी बोलायचं कबूल केलं. एकच अट घातली, आणि ती अट आहे हे मला गाडीत बसेपर्यंत कळलं नाही, इतक्या प्रेमानं घातली. तो स्वतः येणार होता.

पुढच्या शिमग्याला साहेबाबरोबर मी गावात कसा गेलो ते विचारू नका. कॅम्पातल्या बाजारात सोल्जरांचे जुने कपडे मिळतात, तिथनं मी खिसेच खिसे असलेला एक कोट घेतला होता. कोटाचा मूळ मालक माझ्या दीडपट असावा. लोंढ्याला गाडीतनं उतरलो तेव्हा स्टेशनावरच्या हमालानं मला आधी साहेबाचं बिछान्याचं बोचकं समजून हात घातला. मचाणावर साहेबानं कौतुकानं मला जादा बंदूक दिली, आणि फणस पडला. साहेब पोट धरून हसला. नंतर हाकेनं, म्हणजे रान उठवणाऱ्यांच्या ओरड्यानं, दुसरं डुक्कर उठलं, ते त्यानं एका बारात लोळवलं.

गाव खूष होतं. बंद पडलेली पारध निघाली होती, गार्ड कोपऱ्यात तोंड वाकडं करून उभा होता. पानं मांडली गेली. आप्पा पाठ करून बसला. लंगड्यानं पहिल्या वाट्यावर हात ठेवून विचारलं, "ह्यो कुणाचा?"

आप्पा म्हणाला, "पाव्हण्याचा."

साहेबानं मला विचारलं, हा काय प्रकार. मी सांगितलं. त्यानं हॅट काढली. आता एवढं सगळं झाल्यावरही मी सांगतो, त्या दिवशी तो माणूस चांगला वागला. दगडांच्या चुलीवर भाजलेला तुकडा त्यानं हातानं खाल्ला, मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरा मागितला. फक्त लंगडा वाटे वाटून झाल्यावर आप्पाजवळ टेकला आणि हळूच म्हणाला, "साहेब पुकारलास आप्पा. आता दरसालचं झालं."

"पाव्हणा हाय. पारधीच्या दिशी दारात आल्याला पाव्हणा न्हाय म्हणू व्हय?"

"म्हणू नगंस. मी आपलं बोललो."

पुढच्या साली साहेब आला तो मित्रांना घेऊन. मित्रांच्या मडमा, मडमांचे बटलर, कुत्री सांभाळणारे, मोटारी हाकणारे. सगळे पारधीच्या दिवशी गावात हजर, म्हणजे सगळे पाव्हणे. आप्पा एकेकाचा वाटा पुकारत राहिला. दोन जनावरं पडली होती, तरी गावच्या वाट्याला मूठमूठभर आलं. आंब्याखालच्या घरातला एक दांडगा गडी पान उचलून म्हणाला, "औंदा सागुती हाय का नुसता मसाल्यावरच भागवायचं?" लोक हसले. आप्पाही हसला असावा. पाठ होती, दिसलं नाही. आमच्या घराला शेवटी एक खूर आला. काकीनं त्याचा रस्सा केला आणि मी पाव्हण्यांबरोबर आलेला म्हणून खूर मलाच वाढला. मी तो चोखत बसलो.

जेवण झाल्यावर आप्पा म्हणाला, सायबाला सांग, या म्हणावं, पर घरचीच माणसं घिऊन या. मी परतीच्या वाटेवर सांगणार होतो. वाक्य इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं, क्रियापदसुद्धा तपासलं होतं. साहेबानं विचारलं, गावकरी खूष आहेत ना? मी म्हणालो, फार. जुळवलेलं वाक्य अजून माझ्यापाशी तसंच आहे, कुणाला हवं असेल तर.

त्यानंतर लढाई सुरू झाली आणि कॅम्प माणसांनी भरून गेला. माझा साहेब मुंडकी बंगल्यातच सोडून बदलून गेला, पण जाताना आमचं गाव पुढच्याला सांगून गेला, जसा एखादा आपला धोबी सांगून जातो. पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. पारध आता शिमग्यानंतर निघत नसे; साहेबांना रजा मिळेल तेव्हा निघे. एकदा ती पावसाच्या तोंडावर, पोटुशा माद्या असताना निघाली, आणि आप्पा गार्डाला सांगायला गेला की हे दिवस विणीचे आहेत, आमच्यात ह्या दिवसांत पारध करत नाहीत. गार्ड म्हणाला, तुमच्यात आता पारधच नाही, ही साहेबांची आहे. तुम्ही हाका घालायचा, दिवसाची मजुरी, म्हणजे रोज, घ्यायचा आणि घरी जायचं. सागुती न खाणारा तो माणूस एवढं मात्र खरं बोलला.

गावच्या बंदुका परत आल्याच नाहीत. वाघरी उंदरांनी कुरतडल्या. ज्या रानात आमची माणसं जनावरापुढं उभी राहायची, त्या रानात ती डबे वाजवत जनावरामागनं चालू लागली. त्यातला एक गडी मला म्हणाला होता, "आमी बी डुकरावानीच की रं. हाकलतील तिकडं पळायचं."

शेवटच्या पारधीला लष्करी लॉरी आली होती. मी बरोबर होतोच. एव्हाना दुभाष्या म्हणून माझं नाव झालं होतं, आणि तो कोटही मला जरा बसू लागला होता. खिशांत बाटलीचं बूच काढायचा स्क्रू, साहेबांचे हातमोजे, बिस्किटं वगैरे असायचं. त्या दिवशी बार पुष्कळ झाले. डुकरं पडली, एक सांबर पडलं. सगळी लॉरीत चढवली. साहेब लोकांना संध्याकाळी कॅम्पात मेजवानी होती. पाराजवळ लॉरी थांबवून एका ऑर्डर्लीनं आतडी-कोथळा आणि मानेचा एक रक्ताळलेला तुकडा खाली टाकला. हाकेवाल्यांसाठी. लॉरी निघाली. मी मागनं गाडीनं येतो म्हणून उतरलो होतो.

लोक उभे राहिले. काहीजण रोज घेऊन चालूही लागले होते. लंगड्यानं पानं आणली. कुणीतरी म्हणालं, राहू दे आता, कशाला. लंगड्यानं कोथळा धुतला, आतडी उलटी करून स्वच्छ केली, मानेच्या तुकड्याचे बारीक बारीक काप केले आणि मांडले. काप करता करता पानांची संख्या बघून त्याचा सुरा थांबायचा, पुन्हा चालायचा. आप्पा नेहमीच्या जागी जाऊन पाठ करून बसला होता.

"ह्यो कुणाचा?"

"पाव्हण्याचा."

लॉरीची धूळ अजून वाटेवर बसायची होती. लंगडा तसाच वाट्यावर हात ठेवून म्हणाला, "पाव्हण्यानं समदं नेलं की आप्पा."

"नेलं त्यो त्येंचा नेम. पुकारायचा आपला."

लंगड्यानं ते पान बाजूला ठेवलं. मग आप्पानं घरं पुकारली. आंब्याखालचं. वड्याकडचं. एकलीचं. रेल्वेतल्याचं. आवाज तोच, जरा बायकी, पण पारावर कुणी खाकरतसुद्धा नव्हतं. एकेक पान उचललं जात होतं आणि त्यावर बघायला काही नसल्यामुळं लोक आप्पाच्या पाठीकडं बघत होते. मग लंगड्याचं विचारणं थांबलं.

आप्पानं वाट पाहिली. म्हणाला, "पुस की."

"काय पुसू?" लंगडा म्हणाला. "पान न्हाय."

आप्पा रानाकडं तोंड ठेवूनच म्हणाला, "म्हंजी एक उंबरा ऱ्हायला."

"तुझाच की त्यो. तुझा काय धरायचा?"

"उंबरा त्यो उंबरा."

आणि तो उठला. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. तीनचार जणांनी आपापली पानं पुढं केली. आप्पानं हातानंच नाही म्हटलं. पुकारलेला वाटा मोडत नाही हे त्यांना सांगावं लागायला नको होतं. तेव्हा मी पुढं झालो. मला वाटलं, शिकलेल्या माणसानं अशा वेळी काहीतरी तोड काढावी. मी पाव्हण्याचं पान उचललं आणि म्हणालो, पाव्हण्यांचा माणूस मीच, हे माझ्या ताब्यातलं, हे मी काकीच्या चुलीवर नेतो. म्हणजे सगळंच जुळतं.

आप्पानं माझ्या कोटाकडं पाहिलं. "ज्याचं त्याला पोचीव," म्हणाला, आणि घराकडं चालू लागला.

ते पान घेऊन मी लोंढ्याला गाडीत बसलो. उन्हाळ्याचे दिवस, आतड्याचा वास, कोटाच्या आतल्या खिशातनं पाणी झिरपतंय. समोरच्या बाकावरचे शहापूरचे एक विणकर साड्यांचं गाठोडं उचलून दाराशी जाऊन उभे राहिले. एका बाईनं विचारलं, काय हाय ओ? मी म्हणालो, पाव्हण्याचा वाटा. तिला पटलं नाही. कॅम्पात साहेबाच्या बंगल्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आत बाजा वाजत होता. खानसाम्यानं मला ओळखलं, माझ्या हातातलं ओळखलं, आणि फाटक उघडलं नाही. मी तिथंच उभा होतो. तेवढ्यात साहेबाची दोन कुत्री आली आणि त्यांनी गजांतनं तोंड घालून पान ओढलं, पानासकट खाल्लं. खानसामा म्हणाला, झालं? मी म्हणालो, झालं.

त्यानंतर पारावर कुणी बसलं नाही. बसायला कुणाला बंदी नव्हती. एकदोघांना विचारलंही, पण सगळी घरं ओळीनं कुणालाच येईनात. आणि मला तर आमच्या घरापासनं पहिल्या वळणापर्यंतचीच ठाऊक.

सत्तेचाळीस साली साहेब लोक गेले. बंगल्यातली मुंडकी अंगणात ढिगानं मांडून विकली, तो गवा एका हॉटेलवाल्यानं नेला. मी बातमी घेऊन गावाकडं गेलो, जणू मीच त्यांना घालवलं होतं. वाटेत रताळ्याची शेतं लागली, रात्री डुकरांनी उकरून ठेवलेली, चुलीच्या राखेसारखी माती उडालेली. आता हाकलायला बंदुका नव्हत्या आणि माणसंही नव्हती. कुणी पलटणीत, कुणी रेल्वेत. वेशीत गार्ड भेटला, तोच. त्यानं सांगितलं, नवे आपले साहेब येताहेत पुढच्या आठवड्यात, आपलीच भाषा बोलतात, तुम्हीच जरा बघा काय व्यवस्था लागते ती, तुम्हाला सवय आहे.

आप्पा पलंगावर पडून होता, भिंतीकडं तोंड करून. मी म्हणालो, "आप्पा, साहेब गेले."

तो म्हणाला, "वाटा पोचला व्हता न्हवं?"

"व्हय."

काकी चुलीपाशी होती. तिनं मला खुणेनं बोलावलं आणि सांगितलं, दिवसभर असाच भिंतीला घरं सांगत बसतो. कितीतरी मेलेली, उठून गेलेली, समदी. शेवटाला आपल्या घरापाशी येतो आणि गप्प होतो. पुन्हा पहिल्यापासनं.

मी जाऊन पलंगाच्या ह्या बाजूला, त्याच्या पाठीशी बसलो. खरंच तो पुटपुटत होता. आंब्याखालचं. वड्याकडचं. एकलीचं. ती एकली मरून किती दिवस झाले होते. सगळी घरं झाली आणि तो थांबला. मला वाटलं, एवढं तर मला जमेल. मी लंगड्यासारखा आवाज काढून विचारलं, "ह्यो कुणाचा?"

काकीनं फुंकणी खाली ठेवली. मी पुन्हा विचारलं.

मान न वळवता तो म्हणाला, "कशावर हात ठिवून पुसतोयास?"

माझा हात गोधडीवर होता. मी तो काढून घेतला.